अवसेच्या दिव्याने काय दिले?

मी बालवाडीत शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दहावीपुढे माझे शिक्षण झाले नाही. त्यामुळे समीक्षा हा शब्द उच्चारतानाही मी थोडी दबकते. तरी आज समीक्षाच करायला बसले आहे. ती कोणा गाजलेल्या ग्रंथाची नव्हे, कागदाच्या एका पाठकोऱ्या पानावरच्या मजकुराची आहे. तो मजकूर मी स्वतःच्या हाताने उतरवून दिला आहे, हेही आधीच कबूल करते.

झाले असे. आमच्या बालवाडीतल्या एका मुलाची आई शाळा सुटल्यावर रेंगाळली. बाकीच्या आया गेल्यावर तिने पिशवीतून एक हिरवी मेणबत्ती काढून माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, तुमचे अक्षर चांगले आहे. एवढे लिहून द्याल?" म्हणून तिने मोबाईल पुढे केला. विधी असा होता : मेणबत्तीवर सुईने हवी असलेली रक्कम कोरायची, तिला तेल चोळायचे, दालचिनीची पूड लावायची, आणि एका कागदावर काही वाक्ये लिहून तो तिच्याखाली ठेवायचा. मेणबत्ती शेवटपर्यंत जळली की पैसा आपल्या पायांनी चालत येतो म्हणे.

ही मेणबत्ती आपल्या देव्हाऱ्यातली नव्हे. तिचे एक माहेर अमेरिकेत आहे. हेन्री गामाश या नावाने १९४२ साली तिथे मेणबत्त्यांच्या विधींचे एक पुस्तक निघाले. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या तोडग्यांच्या परंपरेत ते फार चालले. अशा विधींत रंगारंगाला काम नेमून दिलेले असते, आणि पैशाच्या वाट्याला हिरवा रंग आला. तिथली नोट पाठीमागून हिरवी, असे त्याचे कारण सांगतात. आता आपल्या पाचशेच्या नोटेचा रंग २०१६ पासून राखाडी आहे. मग आपण राखाडी मेणबत्ती लावायची की काय, असा विनोद माझ्या ओठांवर आला होता. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून मी तो गिळला. शिवाय हसणारी मी कोण? लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहणाऱ्या घरातलीच मी. गरज आणि आशा यांच्यामध्ये माणसाला काहीतरी हातात धरायला लागते. कोणी केरसुणी धरतो, कोणी मेणबत्ती.

मी लिहू लागले. लिहिता लिहिता माझ्यातली लेखिका मात्र कुरकुरू लागली. पैसा माझ्याकडे येत आहे, मी संपन्न आहे, मी पात्र आहे अशा अर्थाची ती आठदहा वाक्ये. सगळी वर्तमानकाळी, आणि सगळ्यांचा कर्ता एकतर 'मी' नाहीतर 'पैसा'. तिसरे माणूस त्या पानात नाही. घर नाही, नवरा नाही, ज्याचे देणे आहे तो वाणी नाही. गोष्ट घडायला निदान दोन माणसे आणि त्यांच्यामध्ये काही अडचण लागते. इथे अडचणीचा उल्लेखच वर्ज्य, कारण तो केला तर म्हणे विधी फळत नाही. ज्या मजकुराला दुःखाचे नाव घेण्याची चोरी आहे, तो मजकूर दुःखी माणसाच्या काय कामाचा?

एका ठिकाणी मात्र मी थबकले. रकमेची जागा रिकामी होती. "किती लिहू?" मी विचारले. मला वाटले, लाख सांगेल, दहा लाख सांगेल. मागायला काय जाते? ती म्हणाली, "अठ्ठावीस हजार चारशे." मी वर पाहिले. "किराणा सहा हजार चारशे, बचतगटाचे हप्ते सात हजार, आणि मंगळसूत्र गहाण आहे त्याचे पंधरा. जास्त नको बाई."

त्या सबंध पानात वाङ्मय म्हणावे असे तेवढेच होते.

घरी येताना मला आईची दिव्यांची अवस आठवली. आषाढी अमावास्येला ती घरातले सगळे दिवे, समया, निरांजने चिंचेने घासून लखलखीत करी, पाटावर रांगोळी काढून त्यांची पूजा मांडी, कणकेचे गोड दिवे उकडी, आणि मग बोटाने ओळ धरून पोथीतली कहाणी वाची. आपल्यापैकी पुष्कळांनी ती ऐकली असेल. पण लहानपणी ऐकलेली गोष्ट आपण मोठेपणी तपासून पाहत नाही. म्हणून ती थोडक्यात पुन्हा सांगते.

एका राजाच्या सुनेने घरातला एक पदार्थ स्वतः खाल्ला आणि आळ उंदरांवर घातला. उंदरांना राग आला. त्यांनी रात्री तिची चोळी नेऊन पाहुण्याच्या अंथरुणात टाकली. सकाळी गहजब झाला आणि सुनेला घराबाहेर काढले. ही सून रोज घरचे दिवे घाशी, तेलवात करी, अवसेला त्यांना नैवेद्य दाखवी. ती गेली आणि ते सारे बंद पडले. पुढे अवसेच्या रात्री राजा शिकारीहून परतताना एका झाडाखाली उतरला. पाहतो तो गावातले सगळे दिवे झाडावर जमलेले. कोणाची पूजा कशी झाली, कोणाला काय जेवायला मिळाले, अशा गप्पा चाललेल्या. राजाच्या घरचा दिवा मात्र खिन्न. त्याने सुनेची खरी हकीकत सांगितली, आणि ती जिथे असेल तिथे तिचे बरे चिंतिले. राजाने ते ऐकले, घरी येऊन चौकशी केली, मेणा पाठवून सुनेला परत आणले, तिची क्षमा मागितली आणि साऱ्या घराची 'मुखत्यारी' तिला दिली.

आता पाहा, ह्या गोष्टीत दिवा पैसा देत नाही. हंडा सापडत नाही, मोहरांचा पाऊस पडत नाही. दिवा फक्त पाहतो आणि पाहिलेले सांगतो. त्याच्या साक्षीतून सुनेला मिळते ती मुखत्यारी. कचेरीतला, मुखत्यारपत्रातला हा शब्द बायकांच्या व्रताच्या कहाणीत कसा शिरला असेल? मला वाटते, तो सांगणारीने मुद्दाम निवडला. माझी आई त्या शब्दापाशी नेहमी थोडी थांबे. माझे वडील तिला रोजच्या खर्चाला मोजून पैसे देत.

मग कहाणीचा आरंभ वेगळाच दिसू लागतो. राजाच्या घरची सून चोरून का खाते? त्या घरात अन्नाला तोटा असणे शक्य नाही. तोटा आहे तो हक्काचा. भरल्या घरात जिला मागून खाता येत नाही, ती लपवून खाते आणि उंदरांवर ढकलते. तिचा अपराध खोटे बोलण्याचा आहेच, आणि कहाणी तो लपवीत नाही. आळाला आळ अशी उंदरांकरवी तिला फेडही करायला लावते. पण अखेरीस जे मिळते, ते नेमके आरंभी जे नव्हते तेच. साध्याभोळ्या समजल्या जाणाऱ्या कहाणीची ही बांधणी आम्हां कादंबरीकारांनी शिकण्यासारखी आहे.

हिच्याशेजारी अल्लाउद्दिनचा दिवा ठेवून पाहावा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या भाषांतरापासून अरबी सुरस गोष्टी मराठी घरांत रुळल्या आहेत. ही गोष्ट मात्र त्या संग्रहाच्या जुन्या हस्तलिखितांत नाही. आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराने ती १७०९ साली हन्ना दियाब नावाच्या, अलेप्पोहून आलेल्या तरुणाकडून ऐकली आणि आपल्या ग्रंथात घातली. तिथेही दिवा पहिल्यांदा घासते ती अल्लाउद्दिनची आई. घरात खायला नाही, दिवा विकून चार पैसे यावेत, म्हणून ती तो स्वच्छ करू लागते. आणि राक्षस प्रकट होतो. त्या क्षणापासून मात्र तो दिवा पेटत नाही. तो केवळ घासण्यापुरता उरतो. ज्याच्या हाती तो, त्याचा राक्षस ताबेदार. मग तो हात चांगल्याचा असो की जादूगाराचा. दिव्याला कोण आपला नि कोण परका हे ठाऊक नसते. आमच्या अवसेच्या दिव्याला ते ठाऊक आहे. हिरवी मेणबत्ती ही अल्लाउद्दिनच्या दिव्याची धाकटी बहीण. तिला तेल चोळायचे ते तिच्यासाठी नव्हे, आपल्या कामासाठी. सुनेची तेलवात मात्र रोजची, काही न मागता केलेली.

आपल्या दिवाळीचे दिवेही पैसा ओढून आणण्यासाठी आहेत, असे हल्ली आपणच मानू लागलो आहो. धनत्रयोदशी, जिच्या नावातच धन आहे, त्या संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा ठेवतात तो यमासाठी. घरच्या कोणाला अकाली मरण येऊ नये एवढेच त्याच्याकडे मागायचे. लक्ष्मीपूजनाला व्यापारी समईशेजारी हिशेबाची वही ठेवतात. अंधारात लिहिलेला हिशेब आणि उजेडात वाचलेला हिशेब यांत फरक असतो. तो ज्याला कळला त्यानेच ही रीत घातली असावी.

आणि मुखत्यारीचे म्हणाल, तर ती नुसती कहाणीतली गोष्ट राहिलेली नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतकऱ्यांना आवाहन केले की, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. त्या कार्यक्रमाला त्यांनी नाव दिले लक्ष्मीमुक्ती. हजारो घरांतल्या सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव लागले. राजाने मेणा पाठवला, त्याचाच हा कागदी अवतार.

इतके कौतुक केल्यावर कहाणीचा दोषही सांगितला पाहिजे. तो मला सुचला नाही. त्या मुलाच्या आईने दाखवला. दुसऱ्या आठवड्यात ती भेटली तेव्हा मी तिला ही कहाणी सांगितली. मनात थोडा उपदेशाचाही भाव होता, मास्तरणीची खोड. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "पण बाई, ती सून इतके दिवस राहिली कुठे? खाल्ले काय तिने?"

मी निरुत्तर झाले. चाळीस वर्षे ती गोष्ट माझ्या कानांवर आहे, मी स्वतःला लेखिका म्हणवते, आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही. कहाणी त्याविषयी अक्षर बोलत नाही. सून घराबाहेर पडते आणि थेट मेण्यात बसते; मधला काळ गडप. आणि राजा त्याच झाडाखाली उतरला नसता तर? सुनेला कोणी विचारले नाही, विचारले ते दिव्यांचे ऐकून. जिला साक्षीदार लाभला तिला न्याय मिळाला. जिचा दिवा मुका, तिचे काय? ही कहाणीतली उणीव आहे, आणि ती शुभ्र रांगोळीखाली झाकून ठेवू नये.

मेणबत्तीचे काय झाले, हे मी विचारणार नव्हते. तिनेच सांगितले. रात्री सगळे निजल्यावर तिने ती लावली. नवरा पाणी प्यायला उठला, त्याने खालचा कागद ओढून वाचला. गहाणाचे पंधरा त्याला ठाऊक होते. किराण्याचे सहा हजार चारशे ठाऊक नव्हते. "मग?" मी विचारले. "मग काय बाई, भांडला. मग बसला. मेणबत्ती संपेपर्यंत आम्ही आकडेच जुळवीत होतो." पैसा काही आला नाही. मंगळसूत्र अजून गहाणच आहे. वाण्याला मात्र आता दर पंधरवड्याला थोडे थोडे जाते, आणि ते तिच्या हातून जाते.

तेव्हा वाचकहो, येत्या लक्ष्मीपूजनाला समई उजळाल, तेव्हा तिच्या उजेडात वही उघडून बसा, आणि घरात तेलवात जी करते तिला शेजारी पाट मांडा. रक्कम किती हे तिला बहुधा रुपयापर्यंत पाठ असते. फक्त तिला कोणी विचारलेले नसते. दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो.