रुळांवर गर्दी नसलेले शहर

शहरनियोजन शिकवायला संगणकावरचा खेळ वापरावा काय, असा प्रश्न निघाला की 'सिमसिटी'चे नाव येतेच. विल राइट यांचा हा खेळ १९८९ साली आला. नकाशावर वस्ती, व्यापार व उद्योग यांचे चौकोन मांडायचे, वीज आणि रस्ते द्यायचे, कर बसवायचा. मग शहर वाढते किंवा ओस पडते. एका निर्णयाचे धागे किती ठिकाणी पोचतात, हे मुलांना यातून जेवढे चटकन कळते तेवढे नागरिकशास्त्राच्या धड्यातून कळत नाही. एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

परंतु हाच खेळ विलेपार्ल्याच्या नकाशावर ठेवून पाहा. खेळात व्यापार वाढला की विमानतळाची मागणी होते. तो बांधला की व्यापार आणखी वाढतो. पार्ल्याला विमानतळ खेटूनच आहे. विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखाली इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते. वाढीव मजले मिळत नाहीत म्हणून बिल्डर फिरकत नाही, आणि जुन्या इमारतींतले रहिवासी जीर्ण घरातच राहतात. तंत्रज्ञानाचा नियोजनावर परिणाम म्हणतात तो हा. खेळात त्याचा मागमूस नाही. (विमान कोसळण्याची सोय मात्र आहे!)

रेल्वेचे तर विचारूच नका. मूळ खेळात वाहतुकीची दाटी फक्त रस्त्यांवर मोजली जाते, रुळांवर नाही. सगळे रस्ते उखडून रूळ टाकले की कोंडी संपली. सकाळी नऊला पार्ल्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकवून पाहावे. पूर म्हणजे यादीतून निवडायची एक आपत्ती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरती, गटारे आणि मिठी नदीचे आक्रसलेले पात्र यांचा जो मेळ जमला, तो त्या यादीत कुठे बसवणार?

वगळलेल्या गोष्टींपेक्षा गृहीत धरलेल्या गोष्टी अधिक गंभीर. राइट यांच्यावर जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या 'अर्बन डायनॅमिक्स' या ग्रंथाचा प्रभाव होता. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराची स्थिती बिघडते, असा निष्कर्ष त्यातल्या प्रतिमानातून निघाला होता. आकडेमोड कितीही चोख असली तरी असा निष्कर्ष गृहीतकांवरच उभा असतो. विद्यार्थ्याला पडद्यावर दिसतो तो फक्त निकाल, निसर्गनियमासारखा.

सुदैवाने २००८ साली मूळ खेळाची आज्ञावली 'मायक्रोपोलिस' या नावाने खुली झाली. वरच्या वर्गांना तिच्यातले नियम शोधायला सांगता येतील. संगणक नसेल तर चौकटीचा कागद पुरे. धावपट्टीभोवतीच्या उंचीचा नियम मुलांनाच लिहू द्या. एका गटाला वैमानिक करा, दुसऱ्याला जुन्या इमारतीतले भाडेकरू. दोन तासिका राखून ठेवा. पहिली नियम ठरवण्याच्या भांडणातच जाईल.