कर्नल स्किनरचें चरित्र : एक परामर्श

जेम्स बेली फ्रेझर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेलें कर्नल जेम्स स्किनरचें दोन खंडांचें चरित्र शिंद्यांच्या कंपूंच्या इतिहासासाठीं अभ्यासकांच्या परिचयाचें आहे. द बॉयन् व पेराँ यांच्या पलटणींची माहिती त्यांतून घेतली जाते. आमच्या मतें त्यांतील अधिक मोलाचा पुरावा निराळाच आहे : यूरोपीय पिता व एतद्देशीय माता यांच्या संततीस त्या काळीं आपलें कोण म्हणत होतें ?

स्किनरचा जन्म १७७८ चा. पिता कंपनीचा स्कॉच अधिकारी, माता रजपूत. मुलींस शाळेंत धाडून पडदा मोडला, म्हणून मातेनें प्राणत्याग केला, असें चरित्रांत नमूद आहे. १७९१ सालीं कंपनीनें अशा संततीस आपल्या मुलकी व लष्करी अधिकाराच्या जागा बंद केल्या. तेव्हां स्किनरनें शिंद्यांची चाकरी धरली. १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध उद्भवतांच पेराँनें, इंग्रजांचा वंशज म्हणून, त्यास इतरांबरोबर काढून लाविलें. त्याची विनवणीही व्यर्थ गेली. जो कंपनीस पुरता इंग्रज वाटला नाहीं, तोच पेराँस फाजील इंग्रज वाटला !

त्यास फितूर ठरवून मोकळें होणें सोपें आहे. परंतु धनी सोडून तो गेला नाहीं, धन्याच्या सेनापतीनेंच त्यास घालविलें. पुढें लॉर्ड लेककडे जातांना शिंद्यांशीं लढावें न लागण्याची अट त्यानें घातली, असें चरित्र सांगतें.

मात्र हें कथन पारखून घेतलें पाहिजे. चरित्रकाराचा बंधु विल्यम फ्रेझर हा स्किनरचा जिवलग मित्र होता. ग्रंथही स्किनरच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं निघाला. स्नेह्यानें लिहिलेल्या निष्ठेच्या गोष्टी कितीही गोड असल्या तरी समकालीन कागदाची जागा त्या घेऊं शकत नाहींत.

याकरितां स्किनरचे स्वतःचे फारसी ग्रंथ चरित्राशेजारीं ठेवणें अवश्य आहे. १८२५ सालीं हांसी येथें सिद्ध झालेल्या 'तश्रीह-उल्-अक्वाम' या सचित्र ग्रंथांत हिंदुस्थानांतील जातींचें मूळ व व्यवसाय वर्णिले आहेत. ज्याच्या स्वतःच्या कुळावरून दोन दारें बंद झालीं, त्यानेंच इतरांचीं कुळें इतक्या आस्थेनें लिहावीं, हें विचार करण्याजोगें आहे.

संग्राहकांस आमची एवढीच विनंती कीं, कंपूंच्या हजेऱ्या व मुशाहिऱ्याच्या यादी हातीं आल्यास त्यांतील प्रत्येक 'फिरंगी' एकाच रकान्यांत टाकूं नये. त्यांतील कित्येकांची आई याच मातीची होती.