नोंदवहींतला पूर्वज

कुलवृत्तांत लिहिण्याची हौस आपल्या शिकलेल्या वर्गांत चांगलीच मुरली आहे. असा एखादा जाडजूड ग्रंथ हातीं आला म्हणजे गोत्र, प्रवर, कुलस्वामिनी आणि शाखाविस्तार यांची पानें उलटून आम्ही प्रथम एकच गोष्ट शोधतों. ‘असें म्हणतात’ आणि ‘अमुक कागदांत असें लिहिलें आहे’ या दोन वाक्यांतला भेद लेखकानें पाळला आहे कीं नाहीं? बहुधा पाळलेला नसतो. मूळ पुरुष पराक्रमी होता हें पहिल्या पानावर ठरून जातें, आणि पुढचीं तीनशें पानें त्याला साजेसे वंशज शोधण्यांत खर्चीं पडतात.

या बाबतींत परक्या देशांतील एक उदाहरण पाहण्याजोगें आहे. हिंदुस्थानांत लढावयास आलेल्या आपल्या शिपाई पूर्वजाचा माग स्कॉटलंडांतील एखादा सामान्य गृहस्थ काढूं लागला, तर त्याच्या वाटेंत काय काय येतें? तेथें जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली ती १ जानेवारी १८५५ पासून. त्यापूर्वींचा सारा भार गांवोगांवच्या पॅरिशच्या वहीवर. एरल या पॅरिशची वही १५५३ पासूनची आहे. पण असें भाग्य थोड्यांचेंच. शिवाय १७८३ पासून १७९४ पर्यंत बाप्तिस्मा, लग्न किंवा दफन यांपैकीं प्रत्येक नोंदीमागें तीन पेन्स सरकारी कर द्यावा लागे. कंगालांना तो माफ होता; परंतु तीन पेन्स वांचविण्यासाठीं ‘कंगाल’ म्हणून लिहवून घेणें कोणास रुचेल? मुलाला बाप्तिस्मा दिला, नोंद मात्र केली नाहीं, अशीं घरें त्या काळांत पुष्कळ झालीं. नोंद सांपडलीच तरी खात्री कोठची? थोरल्या मुलाला आजोबाचें नांव ठेवण्याची चाल आपल्याप्रमाणें त्यांच्यांतही आहे. एकाच पॅरिशमध्यें एकाच नांवाचे चौघे चुलतभाऊ निघतात.

हा मुलगा पलटणींत शिरला कीं कागद बदलतात. १८०३ च्या सप्टेंबरांत असईच्या रणावर ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलंडर पलटणी होत्या. त्यांतला जो शिपाई जगला आणि पुढें पेन्शनीस पात्र ठरला, त्याच्या कागदांत जन्माचें पॅरिश, भरतीच्या वेळचें वय, पूर्वीचा धंदा, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग येथपर्यंत सर्व लिहिलेलें असे. दोनशें वर्षांनंतरच्या वंशजाला आपल्या पूर्वजाचे डोळे करडे होते हें कळतें. आपल्यापैकीं कितीजणांस खापरपणज्याचे डोळे ठाऊक आहेत? परंतु जो असईस पडला त्याच्यासाठीं असा कागद होण्याचें कारणच नव्हतें. पगाराच्या हजेरीपटांत त्याचें नांव एका महिन्यांत असतें आणि पुढें नसतें, एवढाच बहुधा त्याचा वृत्तांत. तो कागद वंशजांसाठीं केलेला नव्हता, हिशेबासाठीं केलेला होता. हिशेब मिटला, कागद मिटला.

मुंबई इलाख्यांतील गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नें आणि दफनें यांच्या नकला लंडनला जात. १७०९ पासूनच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पण तेथेंही एक खोंच आहे. स्कॉटिश पंथाचा पहिला सरकारी धर्मोपदेशक जेम्स क्लो हा मुंबईस आला १८१५ सालीं. त्यापूर्वीं लग्न लावलेला स्कॉट शिपाई इंग्लंडच्या पंथाच्या वहींत शोधावा लागतो. जो केवळ आपल्या पंथाचीच वही उघडील तो ‘नोंद नाहीं’ म्हणून परत फिरेल.

आपल्या ओळखीचा एक स्कॉट घेतला म्हणजे ही अडचण स्पष्ट होईल. ग्रँट डफ हें नांव कोणत्या मराठी वाचकास ठाऊक नाहीं? तथापि १८०५ सालीं ज्या कॅडेटानें मुंबईच्या फौजेची नोकरी पत्करली, जो १८०८ त काठेवाडांतील माळियाच्या हल्ल्यांत होता, जो पुढें एल्फिन्स्टनच्या हाताखालीं पुण्यास आला, आणि ज्यानें २५ सप्टेंबर १८१९ रोजीं साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांशीं कंपनीच्या वतीनें तह केला, तो ग्रँट डफ नव्हेच. तो जेम्स ग्रँट. ८ जुलै १७८९ रोजीं बॅन्फ येथें जन्मलेल्या या मुलाच्या बापाचें नांव जॉन ग्रँट. आई मार्गारेट ही ईडन येथील डफ घराण्यांतली. नोकरी सोडून मायदेशीं परतल्यावर आईच्या माहेरची मिळकत त्याच्याकडे आली, तेव्हां १८२५ च्या सुमारास त्यानें ‘डफ’ हें नांव जोडून घेतलें, आणि लगेच १८२६ त त्याचा मराठ्यांचा इतिहास त्या जोडनांवानें प्रसिद्ध झाला. फौजेच्या यादींत ‘डफ’ शोधणारा मनुष्य जन्मभर शोधीत बसेल. पुस्तकानें अमर झालेलें नांव त्याच्या सबंध शिपाईगिरींत त्याला नव्हतें!

हाच इतिहासकार आपल्याकडील चिकित्सेच्या उगमाशीं उभा आहे, हा योगायोगही चमत्कारिक. कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनीं त्याच्या ग्रंथाचें केलेलें मराठी भाषांतर शाळांतून वाचलें गेलें. आणि १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच त्यावर टीका करण्याचें धाडस केलें. मूळ कागद पाहिल्यावांचून मोठ्या नांवावर विश्वासूं नये ही शिस्त आपल्यांत तेव्हांपासून रुजूं लागली. राजवाड्यांनीं ती हट्टाला नेली. पण आमची तक्रार अशी कीं ही शिस्त राज्याच्या इतिहासाला लागली, घराच्या इतिहासाला लागली नाहीं. पेशव्यांच्या पत्राची तारीख ताडून पाहणारा विद्वान् स्वतःच्या पणजोबाविषयीं आजीचें म्हणणें जसेंच्या तसें छापतो.

आणि घराचा इतिहास तरी कोणाचा लिहिला जातो? ज्यांच्याकडे इनाम होतें, वतन होतें आणि त्यावरून भाऊबंदकी होती त्यांचा. तंट्यामुळें वंशावळी जपल्या गेल्या हें कटु असलें तरी खरें आहे. ज्याच्याकडे भांडावयास कांहींच नव्हतें त्याचे पूर्वज कोठें शोधावे? कोरेगांवचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत कंपनीच्या बाजूनें पडलेल्यांचीं नांवें त्यावर कोरलीं आहेत, आणि त्यांतलीं पुष्कळ ‘नाक’ या शेवटाचीं, म्हणजे महार शिपायांचीं आहेत. गांव नाहीं, आडनांव नाहीं. स्कॉट शिपायाच्या पेन्शनीच्या कागदावर त्याचें पॅरिश होतें. या शिपायाच्या दगडावर त्याचा गांव नाहीं. वंशज दगडाला हात लावूं शकतो, त्यापुढें वाट संपते. पुढें महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हां १८९४ सालीं गोपाळ बाबा वलंगकर यांनीं सरकारपुढें मांडावयाच्या अर्जांत वाडवडिलांच्या या नोकरीचाच दाखला दिला. पूर्वज हा त्यांच्यापुढें हौसेचा विषय नव्हता, पोटाचा आणि मानाचा होता.

जेथें कागद सांपडतो तेथेंही नांव निसटतें. सुभेदार रामजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यांतील आंबडवे गांवचे. त्यांचे सासरे मुरबाडकर, हे आमच्याच ठाणें जिल्ह्यांतले आणि तेही सुभेदार. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं रामजींच्या मुलाचें नांव दाखल झालें तें ‘भिवा रामजी आंबेडकर’ असें. आजोबा मालोजी कंपनीच्या फौजेंत होते. त्यांना नातवाच्या आडनांवानें शोधूं जाणारा फसेल. ज्या साताऱ्यांत जेम्स ग्रँट ‘डफ’ होण्यापूर्वीं राहिला, त्याच साताऱ्यांत सकपाळांचें आंबेडकर वहींत चढलें, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हें सर्व लिहिण्यास निमित्त घरचेंच आहे. आमच्या भिवंडी तालुक्यांत दुगाड म्हणून गांव आहे. १७८० च्या डिसेंबरांत गॉडर्डनें वसईला वेढा घातला असतां मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश यांनीं कर्नल हार्टलेच्या फौजेवर तेथें चढाई केली, आणि १२ डिसेंबर रोजीं ते त्या लढाईंत पडले. डफाच्या ग्रंथांत ही हकीकत आहे. नांवें अर्थातच सरदारांचीं आहेत. आमचा एक पूर्वज त्यांच्याबरोबर दुगाडास पडला, असें आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आमच्या कुलवृत्तांताचें काम चालविणाऱ्या आप्तांनीं मजकुराचे कागद तपासावयास आमच्याकडे धाडले, त्यांत हें वाक्य निःशंकपणें घातलेलें होतें.

आम्हीं जमेल तेवढें पाहिलें. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यांच्या वहींत त्याच नांवाचा, त्याच गांवचा मनुष्य यात्रेस येऊन गेल्याची नोंद मिळाली. मात्र ती दुगाडच्या लढाईनंतरची! म्हणजे तो रणांत पडलाच नाहीं? कीं आजोबाचें नांव ठेवलेला तो नातू? वहींत बापाचें नांव असतें तर उलगडा झाला असता; त्या ओळीवर नेमकें पाणी सांडलेलें आहे. शेवटीं आम्हीं तें वाक्य वृत्तांतांतून काढून ‘घरांतील ऐकीव’ या सदराखालीं घातलें आणि कागद परत केले.

आमच्या आत्याबाईंस हें मुळींच मानवलें नाहीं. त्यांनीं विचारलें, “मग भाद्रपद वद्य चतुर्दशीला आपल्याकडे पान कोणाचें रे वाढतात?” पितृपंधरवड्यांतली ती तिथि शस्त्रानें मेलेल्यांची, आणि आमच्या घरीं ती पाळतात, हें खरें. संकल्पांत तीन पिढ्यांपलीकडचें नांव उच्चारीत नाहींत, तेव्हां तें पान कोणाचें हें भटजींनाही सांगतां येईना. आम्हीं आप्तांना पुन्हां पत्र लिहिलें आणि ऐकीवाच्या त्या सदरांत चतुर्दशीची ही चालही घालावयास सांगितली.