दोन लयींमधली जागा

वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’ या कृष्णवर्णीय वाद्यवृंदाची प्रत्यक्ष कार्यक्रमातील ध्वनिमुद्रणे रसिकांना का भावतात, याचे रूढ उत्तर ‘जिवंतपणा’ हे आहे. ते पुरेसे नाही. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबातील डिसेंबर १९८२ चे कार्यक्रम २००६ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आले, ते तीन दिवसांच्या प्रयोगांतून निवड करून. म्हणजे तीही एक रचलेली संहिताच.

माझ्या मते हे आकर्षण संक्रमणाचे आहे. जॅझ-फ्यूजनपासून आरंभ केलेल्या या वृंदाने हार्डकोर पंक आणि रेगे यांचे मिश्रण करण्यापेक्षा त्यांना शेजारी ठेवणे अधिक पसंत केले. पहिल्यात डॉ. नो यांची गिटार आणि अर्ल हडसन यांचे ड्रम्स उसंत देत नाहीत. शब्द वेगात विरून जातात. दुसऱ्यात डॅरिल जेनिफर यांचा बास पुढे येतो, गिटार मात्रांच्या मधल्या जागी आघात करते, आणि एच. आर. यांचे शब्द प्रथमच ऐकू येतात. ते शब्द रास्ताफारी श्रद्धेचे असतात. विलंबिताकडून द्रुताकडे जाणाऱ्या बढतीची सवय असलेल्या कानाला ही पायऱ्या नसलेली उतरण खटकते. मलाही ती बराच काळ खटकत होती.

१९८२ च्या पहिल्या कॅसेटवरही रेगे आहेच. परंतु स्टुडिओतील गाणी सुटी असतात; नको ते वगळले तरी मागे खूण उरत नाही. ॲम्स्टरडॅमच्या पॅरॅडिसोमध्ये (ही पूर्वीची चर्चची वास्तू) १९८७ साली मुद्रित झालेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द यूथ आर गेटिंग रेस्टलेस’ मध्ये दोन गाण्यांमधली जागा गर्दीच्या आवाजाने भरलेली आहे. तिथे रेगे वगळायचे तर तो आवाज मध्येच कापावा लागतो. वेगासाठी आलेल्या श्रोत्याला थांबवून आपली श्रद्धा ऐकवण्याचा या वृंदाचा आग्रह त्या जोडावर टिकून राहतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात श्रोत्याला ती सक्तीच होती. ध्वनिमुद्रणात निदान तिचा वळ उरतो.

सीबीजीबीच्या कार्यक्रमांचे चित्रणही उपलब्ध आहे. मंचावर चढून खाली उड्या घेणारी मुले त्यात दिसतात, आणि नजर त्यांच्यातच अडकते. मी ध्वनिमुद्रिकाच श्रेष्ठ मानतो. उड्या दिसत नसल्यामुळे लय उतरताना कान बासकडे वळतो.