व्यायामाचे वाङ्मय आणि खाटेवरचा वाचक

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे एक चमत्कार घडतो. तो दरवर्षीच घडत असल्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, इतकेच. एरवी आठ वाजल्याखेरीज पांघरुणातून नाकही बाहेर न काढणारी माणसे त्या दिवशी काळोखात उठतात, गारठ्यात कुडकुडत पाटावर बसतात, आणि वर हसतातही! उशिरा आंघोळ करणारा नरकात जातो असे आजी सांगते खरी. पण त्या भीतीने उठलेला माणूस मी अद्याप पाहिलेला नाही. माणसे उठतात ती घरातले सगळे उठतात म्हणून, उटणे आदल्या रात्रीच काढून ठेवलेले असते म्हणून, आणि आंघोळीनंतर फराळाचे ताट वाट पाहत असते म्हणून. यासाठी कोणी ग्रंथ लिहिला नाही की व्याख्यान दिले नाही.

उलट, ‘रोज पहाटे उठा, व्यायाम करा, मिताहार घ्या’ हे सांगण्यासाठी मराठीत केवढे वाङ्मय झाले आहे! त्या वाङ्मयाचा एक जुना आणि आळशी वाचक या नात्याने आज चार शब्द लिहावे म्हणतो. हातात चकली असताना हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. चकली खाली ठेवण्याची गरज नाही.

आमच्या समीक्षकांनी कविता-कादंबरीचे परीक्षण पुष्कळ केले, पण व्यायामाच्या पुस्तकाला त्यांनी वाङ्मय मानलेच नाही. मला ते अन्यायाचे वाटते. कादंबरी वाचून वाचक दोन आसवे गाळतो; तेवढ्यावर आम्हा कादंबरीकारांचे भागते. व्यायामावर लिहिणाऱ्याला मात्र वाचकाला खाटेवरून खाली उतरवायचे असते. एवढा कठीण हेतू दुसऱ्या कोणत्या लेखकाचा असतो? तेव्हा त्याच्या पुस्तकाला कसोटीही तीच लावली पाहिजे: वाचक उठला का?

आरंभ वाग्भटापासून करू. ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येचा अध्याय मी प्रथम वाचला तो घाबरतच. वाटले, आता हे आचार्य आपल्याला जोरबैठकांना जुंपणार. प्रत्यक्षात ते सांगतात की बलवान माणसानेही थंडीत आणि वसंतात आपल्या शक्तीच्या निम्माच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अतिरेक करणारा, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा, स्वतःच नाश पावतो असेही ते बजावतात. निम्मी शक्ती ओळखायची कशी, याचे उत्तर सुश्रुताकडे आहे: श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे. मला या लिखाणात सर्वांत मोठा गुण दिसतो तो असा की, लेखक वाचकाला आळशी समजत नाही. कोठे थांबायचे ते जो आधी सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवून माणूस सुरुवात तरी करतो.

नंतरच्या आमच्या लेखकांना हा सूर सापडला नाही. लोकमान्य टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले, त्यापायी त्या वर्षी ते नापास झाले, ही गोष्ट मी वर्गात कित्येकदा सांगितली आहे. गोष्ट खरी आहे आणि थोरही आहे. पण एकदा एका मुलाने विचारले, “म्हणजे व्यायामाला अख्खं वर्ष लागतं का?” तेव्हा माझ्या ध्यानात आले की, थोरांच्या गोष्टीने मूल भारावते, पण उठत नाही. अख्खे वर्ष देण्याची आपली ऐपत नाही म्हणून ते दहा मिनिटेही देत नाही.

या वाङ्मयातील सर्वांत भव्य काम म्हणजे बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. त्यामागच्या कष्टांपुढे मान लवते. परंतु ज्ञानकोश हा आधीच उठलेल्या माणसासाठी असतो. मल्लखांबाच्या उड्या त्यात पाहाव्यात, कुस्तीचे डाव पाहावेत. खाटेवरचा वाचक मात्र ते जाड खंड उशाला घेऊन अधिक सुखाने झोपेल.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची गोष्ट निराळी. मिरजकरांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी जन्मभर त्याचाच प्रचार केला. आधी त्यांनी सँडोच्या परदेशी पद्धतीचा व्यायामही करून पाहिला होता. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. १९३८ साली त्यांचे पुस्तक इंग्रजीतून लंडनलाही छापले गेले. राजेसाहेबांच्या लिखाणाचे बळ एकाच गोष्टीत आहे: त्यांनी आधी केले आणि मग सांगितले. उपकरण नको, पैसा नको, सतरंजीपुरती जागा पुरे, ही त्यांची मांडणी आजही कोणाला खोडता येणार नाही.

तरीही राजाच्या लेखणीला एक मर्यादा असते. राजाने ‘करा’ म्हटले की प्रजा करते. पण वाचक म्हणजे प्रजा नव्हे. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि सक्तीही संपली. सक्तीने लागलेल्या सवयीला सक्ती उठल्यावर कोणाचा आधार उरतो, हा प्रश्न या पुस्तकाने स्वतःला विचारलेला नाही.

आणि मग पु. ल. देशपांडे येतात. १९५८ सालच्या ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ हा लेख आपण सर्वांनी हसत हसत वाचला आहे. वजन उतरवण्याचा संकल्प सोडलेला एक साधा माणूस, आणि त्याला सल्ले देणारी अख्खी चाळ! मला तर असे वाटते की, आहार-व्यायामाचे मानसशास्त्र त्या चार पानांत जेवढे आहे तेवढे अनेक गंभीर ग्रंथांत नाही. संकल्प चारचौघांत गेला की तो आपला राहत नाही, जो तो त्याचे लचके तोडतो, आणि दहा जणांचे दहा सल्ले ऐकून माणूस शेवटी अकरावा, म्हणजे काहीच न करण्याचा, मार्ग पत्करतो, हे पु. लं.नी जेवढे अचूक पाहिले तेवढे कोणी पाहिले नाही.

पण येथे मला एक तक्रारही नोंदवावीशी वाटते. ती लेखकाविरुद्ध नसून आम्हा वाचकांविरुद्ध आहे. आम्ही त्या हसण्याच्या आड लपलो. ‘आपलंही त्या पंतांसारखंच हो!’ असे म्हणत पोटावरून हात फिरवणारी सुशिक्षित माणसे मी घरोघर पाहिली आहेत. अपयश विनोदी झाले की ते उबदार होते. आम्ही कादंबरीकार तर याहून दोषी आहोत. आमच्या कादंबऱ्यांतला बुद्धिमान नायक चहा पितो, सिगारेट ओढतो, रात्र रात्र जागतो. आणि आखाड्यात जाणारे पात्र हटकून मंद बुद्धीचे किंवा गावगुंड असते. अपवाद असतील, पण माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांत तो अपवादही नाही. शरीर कमावणाऱ्याला अक्कल बेताचीच असायची, हा समज आम्हीच शाईने पक्का केला.

हे सारे बदलणारे एक पुस्तक चालू शतकाच्या उंबरठ्यावर आले: गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. पन्नाशीच्या आतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. इतरांना आरोग्य शिकवणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या शरीराची हेळसांड केली होती, याची ती प्रांजळ कबुली आहे. मराठीत प्रथमच या विषयावरचा लेखक उच्चासनावरून उतरून वाचकाच्या खाटेवर, शेजारी रुग्ण म्हणून बसला. म्हणूनच ते घरोघर वाचले गेले. त्याचे सामर्थ्य कबुलीत आहे, भीतीत नाही. पुष्कळांनी मात्र त्यातली भीतीच तेवढी उचलली. आणि भीतीचे आयुष्य फार थोडे असते. रक्ततपासणीचा कागद चांगला आला, की दुसऱ्या दिवशी फिरायचे बूट कपाटात जातात.

आजचे व्यायामवाङ्मय मोबाइलवर येते. त्यात दोन आकडे वेदवाक्यासारखे फिरत असतात. एक, सवय २१ दिवसांत लागते. दुसरा, रोज १०,००० पावले चाललेच पाहिजे. या आकड्यांचे मूळ पाहिले तर गंमत वाटते. १०,००० हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात निघालेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे माप’ असा होता. पुढे अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७,००० स्त्रियांची पावले मोजली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे लाभ फारसा वाढत गेला नाही. सवयीचेही तसेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून एक नवी कृती करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधला आकडा ६६. आणि सर्वांत दिलाशाची गोष्ट ही की, मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडले नाही.

हा दिलासा आमचे उपदेशक का देत नाहीत? बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की वाचकाला वाटते, दोष आपल्यातच आहे. प्रश्न काही लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आहेत. २०२२ सालच्या आकडेवारीनुसार आपल्याकडील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे पुरेशी हालचाल करीत नाहीत, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, म्हणजे शेकडा सुमारे ५७. ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ असे म्हणून आपण तो विषय मिटवून टाकतो. वास्तविक तिला हवा असतो तो कोणी हाक न मारणारा अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे ती आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांची. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास झपझप चालणे. मुलांना मात्र रोज एक तास हवा.

मुलांचे नाव निघाले म्हणून एक कबुली मलाही दिली पाहिजे. डॉक्टरांच्या कबुलीचे कौतुक करून स्वतः गप्प बसणे बरे नव्हे.

मास्तरकी नवी असताना गृहपाठ न आणणाऱ्याला मी उठाबशा काढायला लावीत असे. वर्गात एक अंगाने जाड मुलगा होता. तो उठाबशा काढी आणि सगळा वर्ग मोठ्याने आकडे मोजी. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट व्यायामही होतो, असे मी शिक्षकांच्या खोलीत म्हणत असे. गेल्या वर्षी औषधांच्या दुकानात तो भेटला. पस्तिशीचा असेल. दोघांच्याही हातात साखरेच्या गोळ्यांची तीच पाकिटे पाहून आम्ही हसलो. मग तो म्हणाला, “सर, डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. पण खाली बसून उठायला लागलो की कानात आकडे ऐकू येतात. पंचवीस... सव्वीस... सगळा वर्ग मोजायचा ना!”

तो हसतच बोलत होता. मला मात्र पुढे हसता आले नाही. व्यायामाला शिक्षा कोणी केले, याचे उत्तर मी पुस्तकांत शोधत होतो, आणि ते माझ्याच वर्गात होते. वीस वर्षांपूर्वी मी त्या मुलाच्या मनात जे लिहिले, ते पुसायला आता कोणत्या लेखकाचे पुस्तक पुरे पडेल?

मी त्याला उपदेश केला नाही. तो हक्क मी गमावला होता. एवढेच विचारले, “उद्या सकाळी सहाला नाक्यावर येतोस का? मलाही एकट्याने जाववत नाही.” तो आला. त्याला आता वर्ष होत आले. पावसात पंधरा दिवस खाडा झाला, गणपतीत आठ दिवस झाला. तरी पुन्हा निघालो. गोळ्या दोघांच्याही चालूच आहेत. शाळेतही एक बदल झाला आहे: खेळाचा तास मागून घेऊन मी त्यात गणित शिकवीत असे, ते बंद केले, आणि उठाबशा तर कायमच्या सोडल्या.

तेव्हा माझा निवाडा असा की, या वाङ्मयाला आजवर धाकाने, वैभवाने आणि थट्टेने जे जमले नाही, ते सोबतीने जमण्यासारखे आहे. ज्या लेखात ‘तुम्ही करा’ याऐवजी ‘चला, जाऊ’ असा सूर लागेल, जो कोठे थांबायचे ते सांगेल आणि चुकलेला दिवस माफ करील, तो लेख वाचकाला खाटेवरून उठवील. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई दुसरे काय करते? ती फक्त आपल्या आधी उठते, उटणे कालवते आणि हाक मारते.

दिवाळी संपली की ती हाक थांबते. ती एकमेकांना मारता आली, तर वर्षातल्या उरलेल्या पहाटाही काही अगदीच वाया जाणार नाहीत. आता मात्र ती चकली संपवा. सहाला अजून पुष्कळ वेळ आहे.