खाणीच्या अल्याड : गॉर्डिमर, गोल्डब्लाट आणि छायाचित्राचा पुरावा

दस्तऐवजी छायाचित्र म्हणजे पुरावा आणि कादंबरी म्हणजे कल्पित, अशी विभागणी आपण सहजपणे गृहीत धरतो. ती कितपत टिकते, हे तपासण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या कादंबरीकार नादिन गॉर्डिमर (१९२३–२०१४) यांचे उदाहरण उद्बोधक ठरते. डेव्हिड गोल्डब्लाट (१९३०–२०१८) यांच्या छायाचित्रांसह १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन द माइन्स’ या ग्रंथात गॉर्डिमर यांचा विटवॉटर्सरँडच्या खाणपट्ट्यावरील निबंध आहे.

गॉर्डिमर जोहान्सबर्गच्या पूर्वेकडील स्प्रिंग्ज या गावच्या, तर गोल्डब्लाट पश्चिमेकडील रँडफाँटेनचे. दोघेही खाणगावांतील गोऱ्या व्यापारी ज्यू कुटुंबांत वाढले. सोन्याच्या खाणीवर गाव जगत होते. पण कृष्णवर्णीय कामगारांचे ‘कंपाउंड’ त्यांच्या बालपणाच्या कुंपणापलीकडे होते. बंद पडत चाललेल्या खाणींचे सांगाडे आणि उत्खननानंतर उरलेल्या मातीचे डोंगर गोल्डब्लाट टिपतात. हिंसक घटनेपेक्षा तिला शक्य करणाऱ्या व्यवस्थेच्या खुणांकडे त्यांचा कॅमेरा वळतो.

छायाचित्रांनी गॉर्डिमर यांना ही भूमी दाखवली, असे मात्र म्हणता येत नाही. ‘द लाइंग डेज’ (१९५३) या पहिल्याच कादंबरीत खाणीवरील अधिकाऱ्याची मुलगी हेलन कामगारांच्या दुकानांवरून एकटी चालत जाते. तिच्या नजरेतील भय आणि कुतूहल हा त्या प्रदेशाचा आधीचाच दस्तऐवज आहे. मग छायाचित्रांच्या सहवासाचे फलित कोणते? ‘ऑन द माइन्स’नंतर एका वर्षाने आलेल्या ‘द कॉन्झर्वेशनिस्ट’कडे या दृष्टीने पाहावे. मेहरिंग या उद्योगपतीच्या शेतावर अनोळखी कृष्णवर्णीयाचे प्रेत सापडते. पोलीस ते तिथेच उथळ पुरतात. पुरानंतर ते वर येते. कार्यकारणाचा दावा न करताही एवढे म्हणता येईल की, जमिनीने पोटात घेतलेले परत देणे हे कादंबरीच्या निवेदनाचे तत्त्वच बनते. छायाचित्र जमिनीचा पृष्ठभाग दाखवते. कादंबरी त्याखालचे वर येण्याची वाट पाहते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. ‘हाउस ऑफ बाँडेज’ (१९६७) या ग्रंथात कृष्णवर्णीय छायाचित्रकार अर्नेस्ट कोल यांनी खाणीत भरती होणाऱ्यांना नग्न करून, हात वर करून भिंतीकडे तोंड करून उभे केलेले दाखवले. दक्षिण आफ्रिकेत या ग्रंथावर बंदी आली. या छायाचित्रापुढे गॉर्डिमर-गोल्डब्लाट यांचा संयम सोयीचा वाटू शकतो. तो आक्षेप पूर्णतः खोडता येत नाही. परंतु आपण कुंपणाच्या कोणत्या बाजूने पाहतो, हे गॉर्डिमर लपवत नाहीत. हेलन आणि मेहरिंग यांच्या दृष्टीची मर्यादा हाच त्यांचा विषय आहे. याउलट ‘लाइफटाइम्स : अंडर अपार्थाइड’ (१९८६) मध्ये कथा-कादंबऱ्यांतील उतारे छायाचित्रांशेजारी ठेवल्याने निवेदकाची ही मर्यादा झाकली जाते आणि कल्पिताला चित्राखालच्या ओळीचे रूप येण्याचा धोका निर्माण होतो.

मराठी समीक्षेला हा प्रश्न परका नाही. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवरील विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) आणि बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह यांतील अंतर सहानुभूती व स्वानुभव या जोडीने मोजण्याची आपल्याला सवय आहे. लेखक कुठे उभा राहून पाहतो आणि त्याची संहिता ती जागा उघड करते की नाही, ही कसोटी मला अधिक उपयुक्त वाटते.

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या अनेक कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे व मॉल उभे राहिले आहेत. कारखान्यांची छायाचित्रे कदाचित उरतील. परंतु त्या मनोऱ्याच्या खिडकीतून पाहणारा निवेदक पायाखालच्या जमिनीविषयी काय सांगू शकतो, हे ठरवण्याचे काम कादंबरीलाच करावे लागेल.