हवाईची कथा आणि काउवाचे मौन

लोककथा ही निरागस वस्तू आहे, असा समज अभिजन रसिकांनी फार काळ जोपासला आहे. कथा कोण सांगतो, कोणापुढे सांगतो आणि सांगताना कोणाला वगळतो, हे प्रश्न विचारले की रसभंग होतो, अशी त्यांची तक्रार असते. मला मात्र हे प्रश्न विचारल्याखेरीज कथेचे मोल ठरवता येत नाही असे वाटते. होनोलुलूत ऐकलेल्या हवाईयन कथाकथनाच्या एका कार्यक्रमाविषयी लिहिताना मी हीच कसोटी लावणार आहे. कथा सांगणारी एक प्रौढ बाई आणि शेजारी गिटार घेऊन बसलेला वादक, एवढाच त्या कार्यक्रमाचा पसारा होता.

प्रथम वाद्याविषयी. ‘हवाईयन गिटार’ म्हटले की आपल्याला जुन्या हिंदी चित्रपटगीतांतले, आडवे ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवलेले वाद्य आठवते. हे वादन त्याहून वेगळे. याला ‘की होआलू’ म्हणतात; म्हणजे तारेची खुंटी सैल करणे. 1832 च्या सुमारास राजाने माजलेली रानटी गुरे आवरण्यासाठी मेक्सिकोकडून गुराखी आणवले. त्यांच्याबरोबर गिटार आली. बेटांवरच्या गुराख्यांनी ती उचलली, आपल्या गळ्याला जुळतील अशा तारा उतरवल्या, आणि अंगठ्याने खर्जाचा ठेका धरून उरलेल्या बोटांनी सूर वाजवण्याची स्वतःची रीत घडवली. कोणत्या तारा किती उतरवायच्या, हे घराघराचे गुपित असे. या वादनाला 1946 मध्ये ‘हिइलावे’च्या ध्वनिमुद्रणाने घरोघर पोहोचवणारे गॅबी पाहिनुई पोटासाठी होनोलुलूच्या रस्तेदुरुस्तीच्या टोळीत राबत होते. सारांश, हे संगीत दरबारात जन्मलेले नाही. ते श्रमणाऱ्या हातांचे आहे, आणि त्या रात्रीच्या वादकाने हे भान सोडले नाही. बाई बोलत असताना त्याने बहुतेक वेळ हात आवरला. ती थांबली की तो वाजवी. कथेला नुसती पार्श्वभूमी पुरवण्याचे काम त्याने पत्करले नाही, हे मला विशेष वाटले.

आता भाषेविषयी. कथन इंग्रजीत होते. मूळ भाषा अधूनमधून मंत्रांपुरती येत होती. याचा दोष त्या बाईवर टाकणे अन्यायाचे होईल. 1893 मध्ये अमेरिकन मळेवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथून टाकली. 1896 च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम हद्दपार झाले. 1897 मध्ये 21,000 हून अधिक हवाईयनांनी सह्या करून अमेरिकेतील विलीनीकरणाला विरोध केला. तरी 1898 मध्ये बेटे गिळली गेली. ज्या भाषेत 1834 पासून वृत्तपत्रे निघत होती, ती भाषा दोन पिढ्यांत घराच्या कोपऱ्यात गेली. 1978 मध्ये तिला राज्यभाषेचा दर्जा मिळाला आणि 1984 मध्ये ‘पुनाना लेओ’ या बालवाड्या सुरू झाल्या, त्या लोकांनी झगडून मिळवल्या म्हणून. याच झगड्यात गायक जॉर्ज हेल्म अमेरिकन नौदलाच्या बॉम्बफेकीखालच्या काहोओलावे बेटासाठी लढताना 1977 मध्ये समुद्रात नाहीसा झाला. हे सारे पाठीशी असलेल्या माणसांनी आपली कथा पुन्हा उभ्याने सांगणे, ही राजकीय कृती आहे. पर्यटकांच्या ‘अलोहा’त ती विरघळून जाता कामा नये.

त्या रात्रीची मुख्य कथा हिइआकाची होती. ज्वालामुखीची देवी पेले आपल्या धाकट्या बहिणीला, हिइआकाला, काउआई बेटावरून आपला प्रियकर लोहिआउ आणण्यास पाठवते. हिइआका एकच अट घालते: माझी मैत्रीण होपोए आणि माझी लेहुआची राई सांभाळ. परतायला उशीर होतो, पेलेचा मत्सर पेटतो, राई जळते आणि होपोएचा दगड होतो. बाईंनी पेलेचा क्रोध जिवंत उभा केला. आवाज खाली आणत आणत लाव्हा जवळ येतो, हे त्यांचे कौशल्य निर्विवाद आहे. पण होपोए? हिइआकाला नृत्य शिकवणारी ती मैत्रीण दोन वाक्यांत संपली. बलिष्ठांच्या भांडणात जिचा अपराध नाही ती जळते, आणि कथेचा सगळा प्रकाश जाळणारीवर पडतो. होपोएसाठी थांबली ती गिटारच.

येथे माझा मूलभूत आक्षेप सुरू होतो. कार्यक्रमात देवता होत्या, सरदार होते, पदच्युत राणी होती. ‘काउवा’ नव्हते. जुन्या हवाई समाजात ‘कापू’ म्हणजे निषेधांची कडक व्यवस्था होती, आणि तिच्या तळाशी काउवा हा बहिष्कृत वर्ग होता. डेव्हिड मालो या हवाईयन इतिहासकाराने त्याविषयी लिहून ठेवले आहे. त्यांना वेगळी जमीन नेमून दिलेली. इतरांच्या घरात वा अंगणात प्रवेश नाही. त्यांच्याशी शरीरसंबंध हा कलंक. आणि देवळात नरबळी हवा असला की माणूस त्यांच्यातून उचलायचा. या नियतकालिकाच्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. काउवा म्हणजे आपली जातिव्यवस्था नव्हे, तिचा इतिहास निराळा आहे. पण बहिष्काराची भाषा ओळखीची आहे.

मालो मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला, म्हणून त्याच्या साक्षीवर संशय घेतला जातो. साक्ष तपासावी, जरूर तपासावी. परंतु परकीयांनी आपल्याला रानटी ठरवले म्हणून आपल्या घरातला अन्याय झाकून ठेवायचा, हा न्याय कोणता? शिवाय हवाईयनांना लाज वाटण्याचे कारणही नाही. 1819 मध्ये, मिशनऱ्यांचे जहाज येण्यापूर्वी, राजा लिहोलिहो राणी काआहुमानूच्या आग्रहाने स्त्रियांच्या पंगतीला जेवायला बसला आणि कापू मोडला. एकत्र जेवण्याने एक व्यवस्था कोसळली, ही घटना त्यांच्याच मातीतली आहे. तीही त्या रात्री कोणी सांगितली नाही.

जेत्याने लुटलेली संस्कृती परत मिळवताना ती जशीच्या तशी पूजायची, असा मोह प्रत्येक दडपलेल्या समाजाला होतो. तो मोह समजण्यासारखा आहे, पण मान्य करण्यासारखा नाही. ‘मोओलेलो’ या हवाईयन शब्दात कथा आणि इतिहास दोन्ही येतात. मग कथा सांगणाऱ्याने इतिहासाचीही जबाबदारी घेतली पाहिजे. या बाईंच्या अंगी ती घेण्याची ताकद आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहिले. होपोएच्या तोंडून हीच कथा त्यांनी एकदा सांगावी, आणि बळीसाठी उचलल्या गेलेल्या एका काउवाचीही सांगावी. त्या कथेला साथ करायला गुराख्यांची गिटार पुरेशी आहे.